जुन्या बेसबॉल कार्डांच्या सेटमधलं खरंच दुर्मिळ कार्ड कोणतं, हे ठरवायचं कसं? (ई१०७, १९०३-०४)

फिलीकर
नमस्कार मंडळी. इथे नाणी, पोस्टाची तिकिटं, जुनी पुस्तकं जमवणारे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतोय, आणि अमेरिकेतल्या मंडळींपैकी कोणी बेसबॉल कार्डांच्या नादी लागलेलं असेल तर सोन्याहून पिवळं.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथल्याच ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात ब्राइश-विल्यम्स नावाची गोळ्या-मिठाई बनवणारी कंपनी होती. तिने १९०३-०४च्या सुमारास आपल्या मालासोबत बेसबॉल खेळाडूंची कार्डं वाटली. संग्राहक या सेटला ई१०७ म्हणतात. कार्ड एवढंसं, दीड इंचापेक्षा कमी रुंद, अडीच इंचापेक्षा जरासं उंच, पुढे काळापांढरा फोटो आणि मागे छापलंय की हा दीडशे नामवंत बेसबॉलपटूंपैकी एक. होनस वॅग्नर, साय यंग, लाजवे, कीलर, क्रिस्टी मॅथ्यूसन सगळे आहेत यात. विसाव्या शतकातला हा पहिला मोठा सेट मानतात आणि मिळतो अगदी कमी.

माझ्याकडे यातली थोडी साधी कार्डं आहेत, साधी म्हणजे कोणी फारसं न ऐकलेले खेळाडू. तर प्रश्न असा. एखादा विक्रेता सांगतो की या खेळाडूची जगात तीनच कार्डं आहेत म्हणून भाव तिप्पट. कार्डं तपासून दर्जा देणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या आकड्यांत बघावं तर खरंच तीन दिसतात, शेजारच्या खेळाडूची अकरा दिसतात. पण दोघंही एकाच कंपनीने एकाच सुमारास छापलेले, मग एक खरंच दुर्मिळ आणि दुसरा नाही हे मी कशावरून मानायचं? सेटच सगळा दुर्मिळ असताना त्यातल्या त्यात कोणतं जास्त दुर्मिळ हे ठरवायची काही रीत आहे का? सविस्तर लिहा, मला घाई नाही.

वाचनमात्र_नाशिक
विषय पूर्ण नवीन आहे माझ्यासाठी. हे ई१०७, टी२०६ वगैरे नंबर कोणी दिले? कंपनीने?

फिलीकर
नाही, कंपनीने नाही. जेफरसन बर्डिक म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा एक संग्राहक होता, त्याने अमेरिकन कार्ड कॅटलॉग तयार केला आणि त्यात ही अक्षरं ठरवली. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, ई म्हणजे सुरुवातीच्या काळातली गोळ्या-चॉकलेटवाल्यांची, आर म्हणजे नंतरची, मुख्यतः च्युइंगमवाल्यांची. संधिवाताने बोटं वाकडी झाली होती तरी या माणसाने आपला लाखो कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, आणि स्वतः तिथे बसून आल्बममध्ये चिकटवला. १९६३मध्ये गेला. एवढी निष्ठा बघून मला आजही भरून येतं.

डबलप्रिंट
वा, या विषयावर मराठीत धागा! मी टेक्सासमध्ये असतो, माझा काळ जरा पुढचा, १९४८ ते १९५५. पण तुमच्या प्रश्नाची सुरुवात माझ्या मते छपाईच्या शीटपासून करायला हवी, खेळाडूच्या नावापासून नाही. कार्ड सुटं छापत नाहीत, मोठ्या कागदावर ओळीने छापून मग कापतात, त्यामुळे एका शीटवर ज्याला एक जागा मिळाली त्याची जेवढी कार्डं छापली गेली तेवढीच शेजाऱ्याची. फरक पडतो तो एखाद्याला दोन जागा मिळाल्या तर, किंवा एक शीट दुसरीपेक्षा कमी वेळा मशीनवर चढली तर.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण टॉप्स या कार्ड काढणाऱ्या कंपनीचा १९५२चा सेट. ४०७ कार्डांचा, टप्प्याटप्प्याने मालिकांत बाजारात आलेला. शेवटची मालिका ३११ ते ४०७ म्हणजे ९७ कार्डं. शीट शंभराची. तीन जागा उरल्या, त्या रिकाम्या कोण ठेवतो, म्हणून तीन खेळाडू दोनदा छापले: ३११ मिकी मँटल, ३१२ जॅकी रॉबिन्सन, ३१३ बॉबी थॉमसन. हे नुसतं गणित नाही, कार्डावर दिसतं. मँटलच्या कार्डाच्या मागे चेंडूच्या चित्रात नंबर आहे, त्या चेंडूची शिवण काही कार्डांवर एका दिशेला आणि काहींवर उलट दिशेला आहे, म्हणजे शीटवरच्या दोन जागांसाठी चित्र दोनदा काढलेलं.

आता बघा, जगातलं सगळ्यात गाजलेलं मँटल, २०२२च्या ऑगस्टमध्ये एक सव्वा कोटी डॉलर्सच्या वर गेलं (१.२६ कोटी), आणि ते आपल्या मालिकेतल्या बाकीच्या ९४ कार्डांच्या दुप्पट छापलेलं कार्ड आहे! त्याच शीटवरचे कोणाला न आठवणारे खेळाडू त्याच्यापेक्षा दुर्मिळ. म्हणून भाव बघून दुर्मिळता ठरवू नका, हे पहिलं.

ती मालिका मुळात कमी का, तर ती आली हंगामाच्या शेवटी, तोवर पोरं फुटबॉलकडे वळलेली आणि दुकानदार माल घेईनात. उरलेला माल गोदामात पडून राहिला आणि १९६०मध्ये टॉप्सच्या साय बर्जरने तो बार्जवर घालून अटलांटिकमध्ये बुडवला. म्हणजे छापलं किती, विकलं किती आणि उरलं किती हे तीन वेगळे आकडे झाले.

अनुराधा_एनजे
डबलप्रिंट यांच्याशी सहमत, पण एक भर घालते. शीटवर जागा नसणं हेही मुद्दाम केलेलं असू शकतं. १९३३ची गौडी गम कंपनी, बॉस्टनची. सेट २४० कार्डांचा असं सांगितलं, पण १०६ नंबर काढलाच नाही. पोरं बिचारी गम चघळत राहिली आणि १०६ येईना. तक्रारीची पत्रं गेली तेव्हा पुढच्या वर्षी, १९३४मध्ये, कंपनीने लाजवेचं १०६ नंबरचं कार्ड छापलं आणि तक्रार करणाऱ्यांना पोस्टाने पाठवलं. पाकिटात पेपरक्लिप लावून पाठवलेलं, म्हणून आज जी लाजवे कार्डं मिळतात त्यातल्या बऱ्याचशांवर वरच्या कडेला क्लिपचा दाब दिसतो. मी एक हातात घेऊन पाहिलंय, प्रकाशात तिरपं धरलं की ती लांबट खूण अगदी स्पष्ट उमटते. गंमत अशी की पोस्टाने गेली म्हणून ती जपली गेली, गमच्या पुडीत निघाली असती तर किती उरली असती कोण जाणे.

दुसरं उदाहरण यूएस कॅरमेल या मिठाई कंपनीचा सेट, १९३२. ३२ कार्डं, त्यात बहुतेक बेसबॉलपटू, दोन गोल्फवाले, तीन बॉक्सर. पूर्ण सेट जमवून दिला की बक्षीस. १६ नंबर, फ्रेडी लिंडस्ट्रॉम, हे कार्ड इतकं कमी सोडलं की बक्षीस फारसं कोणाला द्यावं लागू नये, आणि कित्येक दशकं संग्राहकांना वाटत होतं की १६ नंबर नाहीच. १९८०च्या दशकाच्या शेवटी एक सापडलं तेव्हा कळलं. आजही एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माहीत आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत कंपन्यांनी हे करावं याचा मला खरंच राग येतो. पण शोध घेणाऱ्याला त्यातून दिशा मिळते: बक्षीस होतं का? नंबर होते का? पत्र लिहून मागवायची सोय होती का? हे आधी विचारायचं.

फिलीकर
दोघांचे मनापासून आभार. पण माझी अडचण इथेच आहे. ई१०७वर नंबर नाहीत, म्हणजे गाळलेला नंबर पकडता येत नाही. शीट माझ्यासमोर नाही. कंपनीची कागदपत्रं नाहीत. माझ्याकडे आहेत ती फक्त उरलेली कार्डं. त्यांच्याच मोजणीतून काय कळेल?

गणिताचा_तास
मी बेसबॉलमधलं काही जाणत नाही, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. पण फिलीकर यांनी जो प्रश्न विचारलाय, तीन आणि अकरा, तो माझ्या वर्गातला आहे म्हणून लिहिते. जरा शांतपणे वाचा, यात खूप लोक फसतात.

समजा सेटमध्ये १५० खेळाडू. समजा सगळे अगदी सारखे छापले आणि सारखेच टिकले, कोणावर अन्याय नाही. आणि समजा आज एकूण ९०० कार्डं नोंदली गेलीत, म्हणजे सरासरी प्रत्येकी ६. (हे आकडे मी हिशोबासाठी घेतलेत, तुमच्या सेटचे नव्हेत.) आता प्रत्येकाची बरोबर सहाच सापडतील का? अजिबात नाही. १०० वर्षांत कोणाच्या घरचं टिकलं, कोणाचं चुलीत गेलं हा योगायोग. पॉयसाँ वितरणाने (अशा योगायोगाच्या मोजणीचं नेहमीचं सूत्र) काढलं तर दोन किंवा त्याहून कमी सापडलेले असे ९ खेळाडू निघतील. आणि बारा किंवा त्याहून जास्त सापडलेले साधारण ३ निघतील. सगळे सारखेच दुर्मिळ असताना!

म्हणजे विक्रेता ज्याला जगात दोनच म्हणून तिप्पट भाव लावतोय असे नऊ खेळाडू नुसत्या योगायोगाने तयार होतात. यादीच्या तळाशी कोणीतरी असणारच आहे. तळाशी असणं म्हणजे कमी छापलं असणं हा निष्कर्ष निघतच नाही.

मग खरा फरक ओळखायचा कसा? दोन गोष्टी करून बघा. एक, सगळ्या १५० आकड्यांचं व्हेरियन्स काढा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप. फक्त योगायोग असेल तर व्हेरियन्स सरासरीच्या आसपास येतं, म्हणजे वरच्या उदाहरणात ६च्या जवळपास. ते १५, २० आलं तर समजा की काहीतरी खरंच वेगळं घडलंय, मग शोधायला अर्थ आहे. दोन, एकट्या खेळाडूकडे बघू नका, गट करा. एका संघाचे १० खेळाडू घेतले तर ६० कार्डं अपेक्षित, वरखाली साधारण ८. त्या दहा जणांची मिळून ३०च निघाली तर तो योगायोग नाही, चक्क त्या ८च्या जवळजवळ चौपट फरक पडला. एकट्याच्या तीनवर कोर्टात साक्ष देता येत नाही, गटाच्या तीसवर देता येते.

वाचनमात्र_नाशिक
हे ९ खेळाडूंचं उदाहरण जबरदस्त आहे. वाचनखूण साठवली.

जुनी_शाई
गणिताचा_तास, फार सुंदर समजावलंत. पण या हिशोबात जे आकडे घालणार तेच स्वच्छ नसतात, त्याबद्दल सांगतो, कारण पॉप रिपोर्ट नावाच्या प्रकरणावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात आणि मला ते बघवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पीएसए, एसजीसी वगैरे कंपन्या पैसे घेऊन कार्ड तपासतात, १ ते १० दर्जा देतात आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करतात, तिला स्लॅब म्हणतात. किती कार्डं तपासली याचा आकडा त्या जाहीर करतात, तो पॉप रिपोर्ट. आता यात घोळ कुठे कुठे आहेत बघा. वॅग्नरचं किंवा मॅथ्यूसनचं कार्ड कोणाकडे असेल तर तो ते ग्रेड करून घेणारच, कारण भाव वाढतो. साध्या खेळाडूचं फाटकं कार्ड ग्रेड करायला जेवढे पैसे पडतात तेवढी काही वेळा कार्डाची किंमतही नसते (ई१०७मध्ये हे कमी लागू, टी२०६ या तंबाखूच्या सेटमध्ये भरपूर), ते आल्बममध्येच राहतं. म्हणजे स्टार खेळाडू रिपोर्टात भरपूर दिसतात आणि साधे कमी, आणि लोक समजतात की साधेच दुर्मिळ. मग उलटा घोळ: मालकाच्या कार्डाला ३ दर्जा मिळाला, त्याला वाटतं ४ मिळायला हवा होता, तो स्लॅब फोडतो, पुन्हा पाठवतो. जुनं लेबल परत केलं नाही तर एकच कार्ड दोनदा मोजलं गेलं. महागड्या कार्डांत हे जास्त होतं. शिवाय एसजीसीतून काढून पीएसएत टाकलं की दोन्हीकडे एकेक. म्हणजे दोन्ही कंपन्यांचे आकडे बेरीज करून बोलणारा माणूस एकच कार्ड दोनदा-तीनदा मोजत असतो.

म्हणून मी रिपोर्ट फक्त सुरुवातीला बघतो. खरं काम म्हणजे कार्ड न् कार्ड ओळखणं. १९९०नंतरच्या लिलावांचे कॅटलॉग, वेबसाइटवरचे जुने निकाल, संग्राहकांनी टाकलेले फोटो, सगळे गोळा करायचे आणि प्रत्येक कार्डाला त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखायचं. ई१०७ला हे चांगलं जमतं, कारण ती धड अवस्थेत फारशी मिळतच नाहीत. कोणाचा उजवा वरचा कोपरा दुमडलेला, कोणाच्या मागे आल्बमच्या काळ्या कागदाचे तुकडे चिकटलेले, कोणाला भिंतीवर टाचल्याचं टाचणीचं भोक, कोणाच्या मागे एखाद्या पोराने पेन्सिलीने लिहिलेला आकडा. आणि छाप किती डावीकडे-उजवीकडे सरकलाय ते, चारही बाजूंचा पांढरा काठ मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा, स्लॅब बदलली तरी तो काठ बदलत नाही. काठ कमी झालेला दिसला तर कोणीतरी कार्ड कापलंय, हेही त्याच मोजमापातून पकडता येतं.

कोथरूडकर
मी शिवराई जमवतो. आमच्याकडेही हेच, नाण्यांच्या ठशांवरून गट पाडतात, आणि एकच नाणं तीन विक्रेत्यांच्या यादीत फिरताना वजन आणि कडेच्या खाचेवरून ओळखतात. छान वाटलं वाचून की कागदातही तेच चालतं. एक प्रश्न: म्युझियममधले नमुने मोजता का तुम्ही?

जुनी_शाई
मोजायलाच हवेत, कारण ते कधीच बाजारात येणार नाहीत आणि म्हणून पॉप रिपोर्टात नसतात. बर्डिकचा मेट म्युझियममधला संग्रह आहेच, पण त्याने कार्डं आल्बममध्ये चिकटवल्यामुळे मागची बाजू बघायला मिळत नाही ही पंचाईत. दुसरा साठा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, बेंजामिन एडवर्ड्सचा, १८८७ ते १९१४ या काळातली २१०० कार्डं. एडवर्ड्सच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलीने तो संग्रह कवी कार्ल सँडबर्गला दिला आणि सँडबर्गने १९५४मध्ये लायब्ररीला. ती सगळी घरबसल्या बघता येतात, फुकट.

पिट्सबर्गची_सून
सासरचे सगळे पायरेट्सचे, म्हणजे पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाचे भक्त त्यामुळे वॅग्नर आमच्या घरातलाच. मला सांगा, टी२०६ वॅग्नर सगळ्यात दुर्मिळ ना मग? ७२ लाख डॉलर्सला गेलं २०२२मध्ये.

डबलप्रिंट
ताई, प्रसिद्ध सगळ्यात जास्त, दुर्मिळ नाही. टी२०६ म्हणजे १९०९ ते १९११, अमेरिकन टोबॅको कंपनीचा, सव्वापाचशेच्या आसपास कार्डं, पीडमाँट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर अशा सोळा सिगारेट आणि तंबाखू ब्रँडांच्या जाहिराती मागे. त्यातल्या वॅग्नरचे साधारण ५० ते ६० नमुने माहीत आहेत. त्याच सेटमध्ये जो डॉयलचं एक कार्ड आहे, तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचा, पण त्याला चुकून नॅशनल लीग या दुसऱ्या लीगमधल्या न्यूयॉर्क संघाचा दाखवला (त्या संघात लॅरी डॉयल होता, आडनावाचा घोटाळा), चूक लगेच सुधारली, आणि त्या चुकीच्या कार्डाचे दहाच्या आसपास नमुने माहीत आहेत. म्हणजे वॅग्नरच्या मानाने कितीतरी कमी. पण भाव वॅग्नरच्या जवळपासही नाही. आणि फिलीकर यांच्या ई१०७मधले बहुतेक अनोळखी खेळाडू वॅग्नरपेक्षा कमी संख्येने माहीत आहेत. फरक एवढाच की वॅग्नर हवा असणारे हजारो आणि डॉयल हवा असणारे सेट पूर्ण करणारे मूठभर.

वॅग्नर कमी का, यावर १९१२मध्येच एका क्रीडा साप्ताहिकात आलं होतं की लहान मुलांनी आपल्यासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटत नव्हतं. काही जण म्हणतात पैशाचा वाद. कारण काहीही असो, खूण अशी की वॅग्नर फक्त १५० मालिकेच्या (मागे १५० हा आकडा छापलेल्या, सुरुवातीच्या) पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल बॅकवरच, म्हणजे मागच्या जाहिरातींवरच सापडतो. नंतरच्या ३५० मालिकेच्या बॅक त्याला नाहीत. म्हणजे लवकर थांबवला. बॅक बघून छपाई कधी थांबली ते कळतं. शेरी मॅगी या खेळाडूचं नाव चुकीचं छापलेलं कार्डही असंच, फक्त पीडमाँट १५०वर.

फिलीकर
हे फार उपयोगी आहे. म्हणजे कमी आकडा एकटा पुरावा नाही, पण कमी आकडा अधिक कार्डावरची दुसरी एखादी खूण, असं जुळलं तर पुरावा. ई१०७मध्ये बॅक एकच साधारण, पण संघ आणि शहर आहे. १९०३ ते १९०४ दरम्यान खेळाडू संघ बदलत होते, न्यूयॉर्कचा अमेरिकन लीगचा संघच मुळी १९०३मध्ये आला. तर जे खेळाडू मध्ये संघ बदलून गेले त्यांची कार्डं लवकर थांबवली का, नवीन छापली का, असा गट पाडता येईल. गणिताचा_तास यांनी सांगितलेली गटाची चाचणी इथे लावायची.

गणिताचा_तास
हो, पण गट आधी ठरवा आणि मग मोजा. आधी मोजून, मग कमी आलेल्यांमध्ये काय साम्य आहे ते शोधत बसलात तर काहीतरी सापडणारच, डावखुरे सापडतील, आडनाव म वरून सुरू होणारे सापडतील.

आणि जुनी_शाई यांनी एकेक कार्ड ओळखायचं जे सांगितलं, त्याचा एक मोठा फायदा आहे जो त्यांनी लिहिला नाही. तुमच्याकडे दोन स्वतंत्र याद्या असतील तर न पाहिलेली कार्डं किती याचा अंदाज काढता येतो. तळ्यातले मासे मोजायला हीच पद्धत वापरतात. समजा लिलावांच्या फोटोंतून एका गटाची ४० वेगवेगळी कार्डं ओळखली. संग्राहकांकडून वेगळे फोटो मागवले, त्यात ३० निघाली. दोन्ही याद्यांत तीच असलेली १२. तर एकूण अंदाज ४० गुणिले ३० भागिले १२, म्हणजे १००. तुम्ही मिळून पाहिलीत ५८, म्हणजे ४०-४२ अजून कुठेतरी पडलीत. दोन्ही याद्यांत सामाईक जितकी जास्त, तितके तुम्ही शेवटाजवळ आलात. मात्र एक धोका: जी कार्डं सारखी विकली जातात तीच संग्राहकही दाखवतात, त्यामुळे सामाईक आकडा फुगतो आणि अंदाज कमी येतो. म्हणून १००ला किमान समजा.

अनुराधा_एनजे
आणि ज्यांचा अंदाज कुठल्याच पद्धतीने येत नाही ती माळ्यावरची कार्डं. २०१२मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावात एका घराच्या माळ्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात १९१०ची ई९८ कार्डं निघाली, जवळजवळ ७००, सुतळीने बांधलेली, कोणी हात न लावलेली. ई९८ फक्त ३० खेळाडूंचा सेट आणि तोवर दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध. एका खोक्याने सगळे आकडे उलटेपालटे केले, विशेषतः चांगल्या अवस्थेतल्या कार्डांचे. २०१६मध्ये एका कुटुंबाला जुन्या घरातल्या कागदी पिशवीत टाय कॉबचंच नाव मागे छापलेली टी२०६ कॉब कार्डं मिळाली, सात. त्याआधी ती जगात पंधराच्या आसपास माहीत होती! म्हणजे एका पिशवीने संख्या जवळपास दीडपट.

डबलप्रिंट
१९५२ टॉप्सच्या बाबतीतही १९८६मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये असाच मोठा साठा निघाला होता, त्यात शेवटच्या मालिकेची कोरी कार्डं भरपूर. आज उत्तम अवस्थेतली मँटल दिसतात त्यातली कितीतरी त्यातली.

नवखा_संग्राहक
मग काय अर्थ उरला? उद्या कोणाच्या माळ्यावर निघाली तर सगळं मोजमाप वाया. मी म्हणतो आकडा सांगूच नये, आवडलं तर घ्यावं.

जुनी_शाई
नाही पटत. आवडलं तर घ्यावं हे खरं, पण विकणारा आकडा सांगतोच आणि त्या आकड्यावर पैसे मागतो, त्यामुळे घेणाऱ्याला तो तपासता आला पाहिजे. शिवाय अनुराधाताईंनी दिलेली दोन्ही उदाहरणं नीट बघा. साठा निघाला तरी त्यातून नवीन माहितीच मिळते. एका माणसाकडे एका वेळी आलेली कार्डं म्हणजे त्या काळातल्या वाटपाचा नमुना, कोणते खेळाडू एकत्र आले, कोणते आलेच नाहीत. ई१०७चं असं मोठं खोकं निघालं तर फिलीकर यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच मिळेल. म्हणून कोणाला जुना साठा मिळाला तर विकण्याआधी पूर्ण यादी करून फोटो काढा, हे मी जीव तोडून सांगतो. सुटी सुटी विकली गेली की ती माहिती कायमची गेली.

डबलप्रिंट
+१०० जुनी_शाई. शीट नसेल तर आणखी एक मार्ग, वाकडी कापलेली कार्डं शोधा. लोक त्यांना खराब म्हणून बाजूला टाकतात पण त्यांच्या कडेला शेजारच्या कार्डाचा तुकडा येतो. टी२०६मध्ये वर एक आणि खाली एक अशी दोन नावं आलेली कार्डं आहेत, त्यावरून कोण कोणाच्या वर छापलं जात होतं ते कळत गेलं. वॅग्नरची तर पाच खेळाडूंची एक न कापलेली पट्टी आहे, ब्राउन, वॅग्नर, बोवरमन, यंग, क्लिंग असा क्रम. ई१०७ची अशी दहा-बारा वाकडी कार्डं जमली आणि त्यांच्या कडेला दिसणारी अर्धी अक्षरं ओळखता आली तर शीटचा एखादा कोपरा पुन्हा जुळवता येईल. तुमच्या कमी आकड्यांचे खेळाडू त्या एकाच कोपऱ्यात शेजारी-शेजारी निघाले तर मग कोणी नाही म्हणू शकणार नाही.

पिट्सबर्गची_सून
आमच्या सासऱ्यांच्या मित्राकडे लहानपणीचा आल्बम आहे, त्यांच्या आजोबांचा, काळ्यापांढऱ्या छोट्या कार्डांचा. ई१०७ आहेत का माहीत नाही. मागच्या वाक्यावरून ओळखू का?

फिलीकर
ताई, नक्की बघा! पण कृपया कार्ड ओढून काढू नका आल्बममधून. चिकटवलेलं असेल तर आहे तसं राहू द्या, मागचा कागद सोलला की वाक्यही जातं आणि कार्डही. सुटं असेल किंवा कोपऱ्यात खोचलेलं असेल तरच उलटून बघा, दीडशे नामवंत बेसबॉलपटूंपैकी एक असं इंग्रजीत असेल तर तेच. पुढचा-मागचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून. पान पूर्ण येईल असाही एक फोटो, कारण कोणती कार्डं एका पानावर होती तेही मला हवंय.

बाकी सगळ्यांना: मी तक्ता सुरू करतोय. खेळाडू, संघ, कुठे दिसलं, कोणत्या वर्षी, चारी काठांची मापं, खुणा, स्लॅबचा नंबर असेल तर तो, आणि आधी दिसलेल्या कोणत्या कार्डाशी जुळतं. गट मी आत्ताच लिहून ठेवतो आणि मग मोजतो, गणिताचा_तास यांचं ऐकून: एक, १९०३च्या हंगामानंतर संघ बदललेले, दोन, १९०४मध्ये पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये आलेले, तीन, फिलाडेल्फियाच्या दोन्ही संघांचे, कारण ऑक्सफर्ड तिथून जवळ आहे आणि स्थानिक खेळाडू पोरांनी जास्त जपून ठेवले असतील असं मला वाटतं. हॉल ऑफ फेमवाले (बेसबॉलच्या सन्मान-दालनात निवडलेले थोर खेळाडू) वेगळे ठेवतोय, त्यांचे आकडे साध्यांशी मिसळायचे नाहीत.

गणिताचा_तास
तिसऱ्या गटात जास्त आली तर ती जास्त छापली की जास्त जपली हे या आकड्यांवरून वेगळं करता येणार नाही, ते लक्षात असू द्या. पहिल्या गटात मात्र येईल, कारण जुन्या आणि नव्या संघाची कार्डं असलेला एकच खेळाडू सापडला तर त्याचा तोच त्याच्याशी ताडून बघता येतो, प्रसिद्धी दोन्हीकडे सारखीच.

फिलीकर
हे मस्त सांगितलंत, असे खेळाडू तक्त्यात आधी भरतो. त्या तीन कार्डांच्या गोष्टीबद्दल विक्रेत्याला आज कळवलं की इतर साध्या खेळाडूंच्या भावात देणार असशील तर घेतो, तिप्पट नाही. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. तक्त्याची लिंक उद्या इथेच टाकतो, ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनी थेट त्यात भरा, मागच्या बाजूचा फोटो विसरू नका.